दुपारची आई

पाळणाघरावर लिव्हतोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काय आलं, मला म्हाईत हाय. भिंतीवर हत्ती आन ससा काढलेला, एक गोल चेहऱ्याच्या काकू पोरं मांडीवर घेऊन बसल्यात, आन शेवटाला सगळ्यांना राजगिऱ्याचा लाडू. पुसून टाका. हत्ती न्हाय, ससा न्हाय, आन काकू तर मुळीच न्हाय. आता तुमी लगेच दुसऱ्या टोकाला जाणार, म्हणजे ह्यो भूत काढणार! ते बी न्हाय. भूत असतं तर मी एवढा टरकलो नसतो. भुताचे निदान पाय उलटे असत्यात, लांबनं वळखू येतंय. इंदाक्काचे पाय सरळ हुते, आन एवढे रुंद की पायात पुरुषाची चप्पल घालायची.

माझं जरा सांगून टाकतो, म्हणजे मधी मधी कडमडणार न्हाय. शाळा हातकणंगल्याची. मार्क सांगण्यासारखे न्हाईत, पण हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी शाळा तासभर लवकर सोडलती. त्याच गळ्यावर आता पोट भरतोय. टेम्पोवर भोंगा लावून जे ‘ताजी भाजी, गावरान अंडी’ करत गल्लीतनं जातंय न्हवं, त्यो मीच. तवा मी उचगावात ऱ्हायचो, पत्र्याच्या खोल्यांच्या एका रांगेत. खिडकीला गादी उभी केलेली, भिंतीला अंड्याचे रिकामे ट्रे चिकटवलेले, मोबाईलम्होरं बसून रेकॉर्डिंग. आन ट्रे लावलेल्या भिंतीच्या पलीकडं इंदाक्काचं पाळणाघर.

तिला धड बघायच्या आधी तिचा आवाज माझ्या घरात आला. चोरून आला म्हणा. एक दिवस अंडीवाला तणतणत दारात.

"गड्या, माझ्या अंड्यात बाई कुणी घातली?"

"काय?"

त्यानं टेम्पोवरचा भोंगा चालू केला. आवाज माझाच, ‘गावरान अंडी, देशी अंडी’. आन त्या अंड्यांच्या मागं, लांबनं, विहिरीतनं आल्यासारखी एक बाई म्हणत हुती, "एक घास माझा, एक घास तुझा..." ती थांबली की लगेच दुसरी, जाड्या आवाजाची, "उठ की रं, किती लोळशील?" मग तिसरी, नाकातनं बोलणारी, हसत हसत.

"लोकं इचारत्यात, टेम्पोत बायका कोंडल्यास काय म्हणून," अंडीवाला म्हटला.

मी म्हटलं, "अवो, पलीकडं पाळणाघर हाय. पोरांच्या आया आल्या असतील दुपारच्या."

त्याचा चेहरा जरा उतरला. "ती तिसरी हाय न्हवं, नाकातली? ती माझी बायको हाय. ती दुपारी फौंड्रीत कामाला असती. मी सोता सोडून येतोय तिला गेटवर."

म्या रेकॉर्डिंग पुसलं, नवं करून दिलं, चहा पाजला. त्यो गेला आन मी भिंतीला कान लावला. दुपारची वेळ, भाईर ऊन नुसतं पत्र्यावर वाजत हुतं. पलीकडं नाकातली बाई तिच्या लेकाला भात भरवत हुती.

म्हटलं, बघून येऊ. गेलो. दार अर्धं उघडं. आत अंधार. म्हणजे अगदी काळोख न्हवं, पण बाहेरच्या उन्हातनं आलेल्या माणसाला कायच दिसू नये एवढा. डोळं सरावलं तसं आधी साड्या दिसल्या. खोलीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दोरी, आन दोरीवर बायकांच्या साड्या, ओढण्या, एक तर गाऊन बी. नेसून झालेल्या, न धुतलेल्या. वारं न्हाय काय न्हाय, तरी जरा जरा हालायच्या. का, तर खाली पोरं हुती. आन सगळी पोरं जमिनीवरनं सरपटत हुती. चालणारी, पळणारी, मोठी, ल्हानी, सगळी पोटावर आन ढोपरावर, तोंडातनं चकार शब्द न काढता. दोरीच्या मागनं एक आवाज यायचा, तसं त्यातलं एकच पोर मान उचलायचं आन आवाजाच्या साडीखाली जाऊन पडायचं. मग दुसरा आवाज. मग दुसरं पोर.

मी तिथनं जे पळालो ते चप्पल तिथंच ऱ्हायली.

चप्पल आणून द्यायला इंदाक्का सोता आली. उंच, वाळलेली, कपाळाला कुंकू न्हाय, हातात एक बांगडी न्हाय. कर्नाटकाच्या हद्दीकडची बाई. आयांना ‘तंगी’ म्हणायची, म्हणजे धाकटी भण. चप्पल उंबऱ्यावर ठेवली आन म्हटली, "भ्यालास?"

मी म्हटलं, "न्हाय तर."

"बरं." आन गेली. सोताच्या आवाजाचा खर्च तिला परवडत नसल्यागत बोलायची. ‘हूं’, ‘बस’, ‘त्वांड उघड’. एवढ्यात तिचा दिवस निघायचा.

मागनं एकेक उलगडा झाला, पण उलगडा होऊन भ्या गेलं असं न्हाय. एका पोराचे पाय जन्मापासनं वाकडे, त्याला सरपटल्याशिवाय हालता यायचं न्हाय. म्हणून दुपारी जेवण झालं की त्या खोलीत कुणीच चालायचं न्हाय, हा इंदाक्काचा कायदा. एकटं सरपटणारं पोर अपंग, सगळीच सरपटली की खेळ. दिवा आधीबी नसायचा, अंधारात पोरांचा आवाजावर इश्वास बसतोय म्हणून; मागनं आरू नावाची पोरगी आली. ती जन्मांध. इंदाक्का म्हणायची, "तिला दिवा लागत न्हाय, मग तुमाला कशाला?" आन बांगड्या न घालायचं कारण हे, की बांगडीचा आवाज एका बाईचा असतोय. तिला तर तिथं डझनभर बायका व्हायचं हुतं. साड्या न धुतलेल्या का, तर पोराला आपल्या आईचा वास यावा.

म्हणायची, "मी पोरं न्हाय सांभाळत. आया सांभाळते. पोरं आपआपली मोठी हुत्यात."

आया सांभाळायची तिची रीत अशी. नवी बाई पोराला घेऊन आली की नाव न्हाय, गाव न्हाय, फॉर्म न्हाय. बाईला पायरीवर बसवायची. "त्वांड उघड. पोराला जेवायला कसं बलवतीस?"

बाई लाजायची. "इथं? रस्त्यावर?"

"रस्त्यावरच. लाजणारी आई घरात ठिवून ये, तिला दुपारी भूक लागत न्हाय."

मग बाई एकदा हाक मारायची, एकदा झोपवायची, एकदा रागवायची. रागवायला तर लावायचीच. "खोटं रागवू नगंस, पोराला कळतंय." इंदाक्का म्होरं बसून बाईच्या तोंडाकडं बघायची, जरा जरा पुढं सरकत. बाई बोलत असताना हिचे बी ओठ हालायला लागायचे, आवाज न काढता. दोन बायका एकमेकीच्या नाकाला नाक लावून बसल्यात आन एकीच्याच तोंडातनं दोघी बोलत्यात. मिमिक्रीच्या धंद्यातला माणूस हाय मी, पुढाऱ्यांची, नटांची नक्कल करतोय. नक्कल म्हणजे लोक हसलं पायजेत. हिच्याकडं बघून हसू यायचं न्हाय. ही त्या बाईला उतरवून घ्यायची, उसनं दूध घ्यावं तशी.

मोबदल्याचं म्हणाल तर कोण नोटा द्यायचं, कोण गुळ, कोण चरवीभर दूध, आन एकजण तर नुसती पाण्याची पिंपं भरून जायची. त्यावरनं तिनं कुणाचं पोर परत लावलेलं मी बघितलं न्हाय.

आरूची आई सविता. तिला बाकी सगळीकडनं परत लावलं हुतं. शहरातल्या एका पाळणाघरात मॅडम आरूकडं बघून म्हटल्या, "आमच्याकडं ट्रेन्ड स्टाफ नाही हो." दुसरीकडं म्हटले, "बाकीचे पालक हरकत घेतील." नवरा ट्रकवर, महिन्यातनं कवातरी उगवणार. फौंड्रीत काम मिळालेलं, पण आंधळी पोर कडेवर घेऊन गेटातनं कोण आत घेतंय?

इंदाक्कानं एकच इचारलं. "ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय की."

"मग बस. त्वांड उघड."

सवितानं पायरीवर बसून जी हाक मारली, ती भिंतीतनं ऐकून माझं रेकॉर्डिंग थांबलं. "आरू, आलो की गं मी!" (आमच्याकडं बायाबी ‘आलो’च म्हणत्यात, पुण्याच्यांनी दचकू नये.) काय आवाज हुता! पातळ, गोड, टोकाला जरासा वर गेलेला, प्रत्येक वाक्य झोक्यावर बसवल्यागत. मी लगेच घोळवून घेतला. धंद्याची सवय, दुसरं काय.

मग असेच बरेच दिवस गेले. फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, सविताचं काम साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे करायचं. वाळू, धूर, आन मशिनी एवढ्या की शेजारणीशी बोलायचं तर बेंबीच्या देठापासनं वरडायचं. सकाळी पोरगी सोडायला आली की ‘हूं’ म्हणायची, संध्याकाळी न्यायला आली की ‘चल’ म्हणायची. पलीकडं दुपारी मात्र झोका चालूच. "आरू, भात गिळ गं, चिमणी बघाय लागलीया."

मग एके दिवशी फौंड्रीची लाईट गेली आन बायका दुपारीच सुटल्या.

मी माझ्या पायरीवर बसलतो. सविता आली, दारापर्यंत गेली, आन थांबली. उन्हात. आतनं तिचा आवाज येत हुता. ती भाईर, तोंड मिटून उभी, आन आत ती बोलत हुती. तिचा हात सावकाश सोताच्या गळ्यावर गेला, गळा जागेवर हाय का बघाय गेल्यागत.

मग तिनं हाक मारली, "आरू!" कशी, तर पत्रा सिमेंटवरनं ओढावा तशी.

आतला आवाज बंद. आरूनं दाराकडं मान केली. मग साडीकडं वळून, हळूच, दुसरीला ऐकू जाऊ नये अशी म्हटली, "आई, संध्याकाळची आली. तिला सांग की, अजून दुपार हाय."

सविता खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली, पाणी घेऊन गेलो. तिनं तांब्या हातात धरला न्हाय.

"घरात बी असंच म्हणती," ती बोलाय लागली. "मला आईकडं ने म्हणती. म्हटलं, बाळा, मीच की आई. तर म्हणती, तू संध्याकाळची. मला वाटलं, पोराचं खूळ. अक्का, माझी पोरगी काढून घेतलीस की गं तू!"

इंदाक्का साडीमागनं भाईर आली. सवितानं तिच्याकडं बोट केलं.

"उद्यापासनं न्हाय पाठवायची मी."

"कुठं ठेवशील?"

 कुठं म्हणजे? कुठं न्हाय. काम सोडायचं न्हायतर पोरगी. मधला रस्ता ह्या एका अंधाऱ्या खोलीतनं जात हुता, आन तिथं कोण तरी दुसरीच आई बसलेली.

"आन ह्यो आवाज कुणाचा काढतीस?" ती वरडली. "ह्यो माझा न्हाय!"

"तुझाच. ह्याच पायरीवर बसून दिलतास."

"मी असं बोलत हुतो?"

 अक्का खाली बसली, तिच्या नाकाला नाक लावून. "माझं चुकलं, तंगी. मी एकदाच ऐकून घेतलं. बाईचा आवाज एकदाच ऐकून भागत न्हाय. आता परत त्वांड उघड."

दुसऱ्या दिवसापासनं सविता कामावर जायच्या आधी पायरीवर बसाय लागली. बोलायची, खोकायची, कवा नुसतीच रडायची. अक्का सगळं घ्यायची. मी म्हटलं, आता आज दुपारी पलीकडं पत्रा वाजणार. पण पलीकडं झोकाच. जरासा, अगदी जरासा, कचकचणारा.

"एकदम बदलला तर पोरगी दोघींना बी सोडंल," अक्का मला म्हटली. मी इचारलं न्हवतं.

तवापासनं मी दुपारी रेकॉर्डिंग करायचं बंद केलं. हेडफोन काढून नुसता भिंतीला टेकून बसायचो. एखादं माणूस म्हातारं हुताना तुमी बघितलं असंल, वर्षावर वर्षं लागत्यात. मी ते नुसत्या कानानं, थोड्या दिवसांत ऐकलं. रोज त्या आवाजात चिमूटभर वाळू जास्त. एक दिवस खोकला आला, त्यो गेलाच न्हाय. मग वाक्याचं टोक वर जायचं ते खाली बसाय लागलं. मग चिमणी गेली, गोष्ट गेली, नुसतं ‘खा’ आन ‘नीज’ उरलं. आन तरी मला तिथनं उठता यायचं न्हाय.

एका दुपारी आरूचा बारीक आवाज आला. "आई, तुला काय हुतंय?"

"काम करतो न्हवं मी. फौंड्रीत."

"तू मरणार हाईस?"

पलीकडं साडी हाललेली ऐकू आली.

"न्हाय. मी संध्याकाळी येणार हाय."

"संध्याकाळी ती येती की."

"तीच मी," आवाज म्हटला, सगळा वाळूनं भरलेला. "हात लावून बघ तिला. मीच असतो."

त्या संध्याकाळी सविता दारात आली. अक्का साडीमागं. मी माझ्या पायरीवर. आतनं हाक आली, "आरू..." आन दारातनं सवितानं ती पुढं नेली, "...आलो की गं मी." सांधा कळला न्हाय. मी ह्या धंद्यातला, मला कळला न्हाय. आरू उठली. मधी थांबली, एक कान इकडं, एक कान तिकडं. सवितानं हाक परत मारली न्हाय, तेवढी शहाणी. मग पोरगी दोरीखालनं भाईर आली, चालत, हात पुढं करून, आन आईच्या तळव्याचा वास घेतला. धूर, वाळू, सगळं घेतलं.

"आज लवकर आलीस," म्हटली. आन सविताच्या पदराला धरून उभी ऱ्हायली.

अक्का भाईर आली ती सविताची साडी दोरीवरनं काढून, घडी घालूनच. "घिऊन जा. आता नगं." त्या दिवसापासनं पलीकडं बाकीच्या सगळ्या आया बोलायच्या, सविता बोलायची न्हाय. आरू दुपारी वाकड्या पायाच्या पोराबरोबर सरपटायची, आन दिवस कलला की दाराकडं तोंड करून बसायची. सविताची नोकरी ऱ्हायली. पोरगी बी ऱ्हायली.

इथं संपवायला पायजे हुतं, खरं तर.

पण फौंड्रीला सुट्टी असलेल्या एका दिवशी सविता माझ्या दारात. आरू पलीकडं खेळत हुती. "दादा, एक काम हुतं. अक्का म्हणती, त्यो माझा जुना आवाज ती परत कवाच काढणार न्हाय. तुमच्याकडं रेकॉर्डिंग असंल की."

"पुसलं वो. अंडीवाल्यानं रान उठवल्यापासनं पलीकडचा आवाज शिरला की पुसूनच टाकतोय."

"मग तुमी काढा. तुमाला येतोय, मला म्हाईत हाय. पुरुषाच्या गळ्यातनं का हुईना. एकदाच. माझा मला ऐकायचाय."

मी म्हटलं, "साधा देऊ का डिलक्स?"

ती हसली न्हाय. जमिनीवर बसली, शाळेतल्या पोरीसारखी मांडी घालून, डोळं मिटून. मग मी बी चेष्टा सोडली. गळा बारीक केला, टोक वर उचललं. "आरू, आलो की गं मी! भात गिळ गं, चिमणी बघाय लागलीया."

सविता डोळं न उघडता ऐकत हुती. परत म्हणा, म्हणून बोटानं खूण केली. मी परत म्हटलं. तिच्या गालावरनं पाणी आलं आन तोंड मात्र हसत हुतं.

"बरी हुती की ही पोरगी," ती म्हटली.

तवाच भिंतीवर थाप पडली. खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. हलकी, तळव्याची. मग परत एक. अंड्याच्या ट्रेमागनं बारीक आवाज आला.

"दुपारची?"

सविता उठली ती वाऱ्यासारखी पलीकडं गेली. तिचा पत्र्यासारखा आवाज ऐकू आला, "आरू, मी हाय, मी हाय की." आन माझ्या दारात पुरुषी चपला वाजल्या.

इंदाक्काला एवढं बोलताना मी कवाच ऐकलं न्हवतं.

"मुडद्या, जिभंला काय हाड? एवढे दिवस घास न उतरता ती बाई मी थोडी थोडी म्हातारी केली, पोरीला न दुखवता, आन तू एका दमात परत तरणी करून भिंतीत उभी केलीस! आता पोरगी भिंतीला कान लावून बसणार. तिच्या आयनं कामाला जायाचं, का भिंत पाडायची?"

"तिनंच मागितला, अक्का."

"पोर इस्तू मागतंय, देतोस हातात?"

"तिचाच आवाज हाय की त्यो."

"हुता! तिनं त्यो घालवून पोरगी ठिवलीया. तू कोण परत आणून देणारा? नकलाकार म्हणं! लोकं हसली की तुझं झालं, तू उठून जाणार. मला तिथं रोज बसायचंय." श्वास घ्यायला थांबली, मला वाटलं संपलं. "आन काढलास तर नीट तरी काढायचास! ‘मी’ वर उचलतोस तू. ती ‘गं’ वर उचलायची."

मी मान खाली घालून उभा, पण धंदा कुठं गप बसतोय? "कसं, अक्का?"

तिनं तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली. पलीकडची सगळी पोरं एकदम गप झाली.

तिनं तोंड मिटलं. भिंतीकडं बघितलं, आरूची थाप पडलती त्या जागी.

"कसं म्हणं," ती म्हटली. "दार लाव. आन त्वांड बी."